विचारलं तरच सांगायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. कारण मला नोकरी लागली. वय एकसष्ट, शिक्षण आठवी पास, अनुभव शून्य, आणि पद: आजारी माणूस.

झालं ते असं. शिकाऊ डॉक्टरांच्या हॉस्पिटलात चादरी-पडदे शिवायचा एक विभाग आहे. तिथली दोन शिलाई मशीन अडकत होती म्हणून गेलो होतो. दुकान आता मुलगी बघते, मी फक्त हट्टी मशीन बघतो. डोळे मिटून पायडल मारलं की मला कळतं दुखणं कुठं आहे ते: बॉबिनमध्ये, पट्ट्यात की चालवणाऱ्या बाईच्या पायात. खांद्यावरच्या पिशवीपासून चार गाळ्यांच्या दुकानापर्यंत मी या दोन कानांवर आलो आहे. तर मशीन खोलून ठेवलं होतं आणि शिवणाऱ्या बायकांना मी केसपेपरच्या खिडकीवरच्या कारकुनाची नक्कल करून दाखवत होतो. "नाव? वय? काय होतंय? लवकर आठवा, मागं रांग आहे, आजार घरून पाठ करून यायचा असतो." बायका खिदळल्या आणि एकदम गप्प झाल्या. माझ्या मागं पांढऱ्या कोटातल्या एक बाई उभ्या, चष्मा डोक्यावर. मानसोपचार विभागाच्या प्रमुख.

मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला उदास होता येईल का?"

"किती वाजता?" मी म्हणालो.

शिकाऊ डॉक्टरांना खऱ्या पेशंटसमोर सोडायच्या आधी खोट्या पेशंटसमोर बसवतात म्हणे. आधी एक नाटकवाले ठेवले होते. ते पहिल्याच मिनिटाला हुंदके द्यायचे, आणि समोरचा डॉक्टर घाबरून पाणी आणायला पळायचा. मॅडमना साधा माणूस हवा होता. मी साधा आहे हे मला आजच कळलं.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "आजारी पडायची नोकरी? साधी सर्दी झाली तर घर डोक्यावर घेता, तेव्हा कोण ठेवलं होतं कामावर?"

दादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, मला वाढवलं, आमच्यातच राहतो, मधल्या खोलीत. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढायचा. निवृत्त झाल्यावरही खातं त्याला बोलवायचं, कारण जुना नळ कुठून गेलाय ते त्यालाच माहीत. सहा महिन्यांपूर्वी सगळे नकाशे कॉम्प्युटरात गेले आणि बोलावणी थांबली. दादा म्हणाला, "बरं." पूर्वी माझ्या एका वाक्यात तीन चुका काढायचा. आता तेही सोडलं. निवांत झालाय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी आजाराचा कागद दिला. "एक गृहस्थ, वय साठ. चार महिन्यांपासून पहाटे चारला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात जड. जेवणाला चव नाही. पूर्वी आवडणारं काही करावंसं वाटत नाही. आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं. मरणाचे विचार येतात." आणि खाली ठळक अक्षरांत: विचारलं तरच सांगायचं.

"मॅडम, मला न विचारता सांगायची सवय आहे. बायको साक्षीला आहे."

"म्हणून तर ठळक लिहिलंय."

"पण खरा पेशंट लपवतो कशाला?"

"लपवत नाही हो. सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नाही. आपल्याला आजार झालाय हे त्याला पटत नाही. आपण नालायक झालोय हे मात्र लगेच पटतं."

आणि खरी मजा पुढं आहे. प्रत्येक मुलाखतीनंतर मी त्या डॉक्टरला गुण द्यायचे! छापील तक्ता आहे, बारा ओळींचा. डोळ्यांत बघून बोलला का, मध्येच तोडलं का, झोपेचं विचारलं का, भुकेचं विचारलं का. बारावी ओळ: मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारलं का. माझ्या सातवीच्या मास्तरांनी हा तक्ता बघायला हवा होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. चार शिकाऊ डॉक्टर. दोन लक्षात राहिले. एकाला मी वकील म्हणतो. "तुम्हाला झोप लागत नाही, हो की नाही?" मी आरोपी असल्यासारखा हो-नाही करत बसलो. दुसरी एक मुलगी, पुटपुट. ती स्वतःच्या कॉलरशी बोलते. तीनदा "काय?" म्हणालो तेव्हा भुकेचा प्रश्न कळला. पण तिची एक खोड आहे. प्रश्न विचारून झाला की ती गप्प बसते. नुसती बसते. मला शांतता सहन होत नाही. दोनदा मी न विचारताच बोलून गेलो.

मॅडम म्हणाल्या, "तुमचा पेशंट फार चटपटीत आहे, मिस्त्री. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. या आजारात साधं 'हो' सुद्धा विहिरीतून ओढून काढावं लागतं. असं कुणी बघितलंय का जवळपास?"

"नाही बुवा. आमच्याकडे सगळे मजेत."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सराव केला. हिनं विचारलं, भाजी कशी झालीय. मनात पाच आकडे मोजले, नजर ताटात, मग म्हणालो, "बरी आहे." हिनं लगेच कपाळाला हात लावून बघितला.

मग हिनं दादाला विचारलं. दादानं सात आकडे घेतले. "बरी आहे." त्याच्या कपाळाला कुणी हात लावला नाही, कारण तो हल्ली तसंच बोलतो.

अरे! नमुना घरातच बसलाय आणि मी बाहेर शोधतोय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज मॅडमनी शाबासकी दिली. सगळी दादाची कृपा. त्याचं ते मान न वळवता नजर वळवणं, "काही नाही" म्हणताना "काही" गिळून टाकणं, सगळं उचललं. वकील तर गोंधळून गेला, म्हणाला, "काका, आज खरंच बरं वाटत नाहीये का?"

पण बारावी ओळ! काय त्या लोकांची तारांबळ. एकानं विचारलं, "आणि, म्हणजे, तसले काही विचार?" कसले? मी म्हटलं, "विचार चालूच असतात." त्यानं "छान" असं लिहून घेतलं. वकील म्हणाला, "जिवाचं बरंवाईट करावं असं काही नाही ना मनात?" असं पंख्याकडे बघत. आता "नाही ना" असं विचारल्यावर कोणता भला माणूस "आहे" म्हणेल? शून्य दिलं, भोपळा चांगला गोल काढला. पुटपुटनं विचारलं, पण कॉलरला. कॉलरनं काय उत्तर दिलं माहीत नाही.

नंतर मॅडमनी सगळ्यांना फैलावर घेतलं. "विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येतो ही समजूत आजच्या आज टाकून द्या. तो आधीच तिथं असतो. तुम्ही विचारलंत तर त्याला सोबत मिळते. सरळ विचारा, साध्या शब्दांत, तोंडाकडे बघून."

मी मागं बसून मान डोलवत होतो. इतकं सोपं काम यांना जमू नये म्हणजे कमाल आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

निरीक्षण चालू आहे. आजची कमाई: दादा शर्टाची तीन बटणं लावतो, मग थांबतो आणि तसाच खाटेवर बसून राहतो. मी दारातून वेळ मोजली. अकरा मिनिटं. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येतो, पण अंगावर घेतल्याचा येत नाही. बादली भरून वाहत असते. पेपर उघडतो, पान उलटल्याचा आवाज नाही. हे सगळं सोमवारी वापरणार.

आणि एक गोड गोष्ट. परवा दादानं माझ्या मुलीला त्याची नकाशाची पेटी दिली, कंपास, पेनं, सगळं. पूर्वी तिला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. आज मला त्याचं मनगटी घड्याळ दिलं. म्हणाला, "बारक्या, हे तुझ्याकडे असू दे. मागनं कुणाला शोधाशोध नको." वाचनालयाचं कार्डही परत करून आला, आपणहून, चालत. म्हातारपणी माणसाचा हात सुटतो तो असा. घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे. दादाचं सगळंच वेळेआधी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ही म्हणाली, "दादांकडे बघा जरा. निम्मं ताट तसंच असतं."

"मी बघतोच आहे," मी म्हणालो. "तुझ्यापेक्षा जास्त बघतोय. दरवाज्यात उभा राहून बघतोय."

"बघणं वेगळं."

बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. निवृत्त माणसाला भूक कमीच लागते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहिलं नाही. आज वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय.

काल पुटपुटची पाळी होती. मी पूर्ण तयारीत. तीन बटणं झाली, बादली झाली, पेपर झाला. तिनं विचारलं, "दिवसभर मग काय करता?"

मी सात आकडे घेतले. "वस्तू देऊन टाकतोय. पेटी पुतणीला दिली. घड्याळ धाकट्या भावाला. वाचनालयाचं कार्ड परत केलं. मागनं कुणाला शोधाशोध नको."

अगदी दादाच्या आवाजात म्हटलं. मलाच माझं कौतुक वाटलं.

तिनं पेन खाली ठेवलं. कॉलर सोडली आणि माझ्याकडे बघून, खणखणीत नाही पण स्वच्छ, विचारलं, "काका, तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?"

टाळी वाजवणार होतो. कागदावरचं उत्तर दिलं, घंटा झाली, तक्ता पुढं ओढला, बाराव्या ओळीत पूर्ण गुण. ती उठेना. मागं वळून म्हणाली, "मॅडम, वस्तू वाटल्याचं कागदात नाहीये."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर आणला. "मिस्त्री, हे कुठून आणलंत?"

"घरी नमुना आहे की! थोरला भाऊ. फुकटची शिकवणी." आणि मी हसलो.

मॅडम उठून माझ्यासमोर आल्या.

"घड्याळ कधी दिलं त्यांनी?"

"गुरुवारी," असं म्हणालो आणि मग मला ऐकू आलं. मशीन बिघडतं तेव्हा एकदम बिघडत नाही. आधी एक टिकटिक, मग एक घरघर. दोन आठवडे मी घरातला एकेक आवाज टिपत होतो, त्याची नक्कल करत होतो, शाबासकी घेत होतो. ते सगळे एकाच माणसाचे आवाज आहेत, हे मला त्या खुर्चीत कळलं.

"आता त्यांच्याजवळ कोण आहे?"

"ही आहे."

"फोन करा. त्यांना एकटं सोडू नका म्हणावं. आणि तुम्ही जाऊन त्यांना घेऊन या. मी थांबते, कितीही वाजू देत."

"त्याला सांगू काय?"

"सांगू नका. विचारा."

फोनवर ही म्हणाली, "मी जाऊन बसते." मला बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा समजावं.

घरी गेलो तर दादा खिडकीशी, आणि ही शेजारी बसून घड्या घातलेले कपडे मोडून पुन्हा घड्या घालत होती. रिक्षात मी प्रश्न पाठ करत आलो होतो. पन्नास वेळा ऐकलेला प्रश्न. मी खुर्ची ओढली आणि माझ्या तोंडून आलं ते असं: "काय दादा, असलं काही भलतंसलतं नाही ना मनात?" आणि बघत होतो पंख्याकडे.

"छे रे," दादा म्हणाला.

शून्य. वकिलाला दिलं तसं, गोल.

खुर्ची त्याच्या समोर आणली. गुडघ्याला गुडघा लागेल अशी. "दादा, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

हिचे हात थांबले. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, तीनदा मारली, सुरू होईना. आयुष्यात पहिल्यांदा मी एक शांतता जशीच्या तशी राहू दिली.

"हो," दादा म्हणाला.

"ठरवलंयस?"

"जवळजवळ. दिवस ठरवत होतो." मग खिडकीकडे बघत: "तुझी ती नोकरी लागली. रोज येऊन सांगायचास. खुशीत होतास. म्हटलं, आत्ताच नको."

ही उठली आणि त्याच्या शर्टाची उरलेली बटणं लावायला लागली. खालून वर.

"तू विचारशील असं वाटलं नव्हतं," दादा म्हणाला. "तू सांगतोस."

२६ फेब्रुवारी, बुधवार

परवाच्याच संध्याकाळचं पुढचं, राहिलेलं. हॉस्पिटलात दादाला तपासायला पुटपुट बसली, मॅडम मागं. मला वाटलं होतं मॅडम स्वतः बघतील, मी तसं म्हणालोही. मॅडम म्हणाल्या, "तिनं ओळखलंय, तिला बघू दे."

पुटपुटनं सगळं विचारलं. दादा विहिरीतून एकेक बादली काढत होता आणि ती थांबत होती. मला बजावलं होतं की मध्ये बोलायचं नाही. मी जिभेवर बसून होतो. शेवटी तिनं औषधाचं नाव लिहायला घेतलं. मॅडम म्हणाल्या, "काही राहिलं?"

ती दचकली. मग विचारलं, "याच्या उलट कधी झालं होतं का? झोप नको, थकवा नाही, डोक्यात कल्पनाच कल्पना?"

"नाही," दादा म्हणाला. "तेव्हा तर मी बरा होतो."

"तेव्हा म्हणजे?"

दादानं मान न वळवता नजर वळवली. मॅडमनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे परवानगी. मग काय. आमच्या घरातला सगळ्यात हुकमी किस्सा आहे तो, हिच्या माहेरच्यांनाही पाठ आहे. पस्तीस वर्षांपूर्वी दादानं सहा आठवडे झोप सोडली. दिवसरात्र मिळून दोन तास. बाहेरच्या खोलीच्या भिंतींवर साऱ्या गावाचे नळ काढले, स्वच्छ पाणी निळं, सांडपाणी लाल. भिंती संपल्या तेव्हा टेबलावर चढून छतावर काढले. मुख्य इंजिनिअरला नव्वद पानांचं पत्र लिहिलं, एकेरीत. खात्याच्या नावानं सायकली मागवल्या. एका पहाटे स्वतः जाऊन मोठा व्हॉल्व्ह फिरवला, आमच्या गल्लीला तीस तास पाणी! लोक घरी आभार मानायला आले. आमचं नुकतंच लग्न झालेलं. हिनं तीन हात पांढरा रंग दिला तरी लाल नळ दिसत राहिले.

"आणि अकरा सायकली, मॅडम! दारात ओळीनं!"

"चौदा," दादा म्हणाला.

मी हात वर करून थांबलो. इथं लोक नेहमी हसतात.

"मग?" पुटपुटनं विचारलं.

"मग काय. एक दिवस झोपला, तो दोन महिने उठला नाही. आम्ही सगळ्यांना थकवा म्हणून सांगितलं."

पुटपुटनं लिहिलेलं नाव स्वतःच खोडलं. मॅडमनी पाठीमागून तिच्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकवली. मी बघितलं.

नंतर मला समजावलं ते माझ्या भाषेत असं. हे दोन आजार नाहीत, एकाच आजाराची दोन टोकं आहेत. उदासीचं नेहमीचं औषध एकटंच दिलं असतं तर दादा वर यायच्या ऐवजी थेट छतावर गेला असता, पुन्हा निळे-लाल नळ काढत. म्हणून दोन्ही टोकं धरून ठेवणारं औषध, आणि ठरावीक दिवसांनी रक्ताची तपासणी. खाली टाका सैल पडतो म्हणून नुसता वरचा दोरा आवळत बसणारे कारागीर मी पुष्कळ बघितलेत. वरचा आणि बॉबिनचा, दोन्ही ताण एकमेकांना धरून असावे लागतात. हे मला माहीत होतं. फक्त दादाच्या बाबतीत मी पस्तीस वर्षं टाळ्या घेत होतो.

दादाला दाखल करून घेतलंय. मी आणि ही आळीपाळीनं थांबतो.

३ मार्च, सोमवार

वॉर्डात दादा भिंतीकडे तोंड करून असतो. गंमत म्हणजे त्याला डॉक्टरांत आवडला कोण? वकील! रोज सकाळी येतो, "झोपलात? हो की नाही? जेवलात? हो की नाही?" आणि जातो. दादा म्हणतो, "या पोराचं बरंय. फार बोलावं लागत नाही." मी त्याला बारापैकी चार गुण दिले होते. पेशंटला काय सोपं जातं त्याची ओळ तक्त्यात नाही.

माझ्याबद्दल दादा म्हणतो, "याला घरी पाठवा."

१० मार्च, सोमवार

घरी आणलं. मॅडमनी नियम लिहून दिले. गोळ्या हिच्या ताब्यात, ती समोर उभी राहून देणार. झोपायची वेळ एकच, पाहुणे आले तरी. पाणी भरपूर, मीठ रोजच्याइतकं. कधी फार उत्साह दिसला, झोप कमी झाली, तर आनंद न मानता फोन करायचा. आणि मला वेगळं काम: आठवड्यातून एकदा तो प्रश्न विचारायचा. सरळ.

घड्याळ परत द्यायला गेलो तर घेईना. मी त्याच्या मनगटावर बांधलं. सैल झालंय, एक भोक आत घ्यावं लागलं.

२१ मार्च, शुक्रवार

चौथा आठवडा चालू आहे आणि खरं सांगायचं तर मला फरक दिसत नाही. हात थरथरतात, तहान लागते, सरळ रेघ काढता येत नाही म्हणून परवा पेपरवर पेन्सिल आपटली. औषधानं होतं म्हणे, मात्रा थोडी कमी केली. मी मॅडमना म्हणालो, "मी बिघडलेलं मशीन अर्ध्या दिवसात देतो."

"मग माझ्याकडे मशीन आणत जा," त्या म्हणाल्या.

मनात येतं, आपण चुकलो तर? त्या दिवशी "हो" म्हणाला, पुन्हा "नाही" म्हणायला शिकला तर? मला कसं कळणार? हिला विचारलं. ही म्हणाली, "आज त्यांनी पेन्सिल आपटली ना? महिनाभर काही आपटलं नव्हतं." मी पेन्सिल मोजलीच नव्हती.

काल विचारलं. "आठवड्यातून एखाद्या वेळी," दादा म्हणाला. "पहाटे. मग तुझी बायको चहा आणते तेव्हा जातं." आधी रोज होतं. लिहून ठेवतो.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा कामावर. मॅडमना आधीच सांगितलं की तो उदास गृहस्थ मला आता करता येणार नाही. त्यांनी नवीन कागद पुढं केला. "पेशंटचा धाकटा भाऊ. गप्पिष्ट. पेशंटच्या वतीनं उत्तरं देतो. घरात सगळं छान आहे असं त्याला मनापासून वाटतं. उपयोगाची माहिती विनोदी किस्सा म्हणून सांगतो. विचारलं तरच."

मी दोनदा वाचला. "हे माझ्यावर लिहिलंय का?"

"असे भाऊ आमच्याकडे रोज येतात, मिस्त्री. तुम्हाला वाटलं तुम्ही एकटेच?"

जरा वाईट वाटलं. म्हणजे एकटाच असतो तर बरं वाटलं असतं, असंही नाही. पण तालमीची गरज पडली नाही. वकिलानं मला पाच मिनिटांत बाजूला केलं, "काका, आता त्यांना बोलू द्या," असं म्हणून. शिकलाय. पुटपुट आता ऐकू येते. मी तिला टोपणनाव बदलून देणार होतो, पण तोंडात बसलंय.

२० एप्रिल, रविवार

दादा आता संध्याकाळी चालायला येतो. बागेला एक फेरी, तीही बाकाबाकावर थांबत. आज दुकानावरून गेलो तर मुलीनं लावलेली नवी पाटी बघून म्हणाला, "अक्षरांत अंतर सारखं नाही. कोणी काढली?" मी सांगितलं, मशीननं छापलीय. "मशीनला सांग," म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी लगेच मनात मोजायला लागलो, किती तास झोपला काल. सात. मग आनंद चालेल.

बाकावर बसल्यावर आठवड्याचा प्रश्न विचारला. आता मला तो वेळ विचारल्यासारखा येतो.

"नाही," दादा म्हणाला. "या आठवड्यात नाही." मग, "पुढच्याचं माहीत नाही. पण तू विचारशीलच."

"विचारणारच."

समोर दोन मुली बॅडमिंटन खेळत होत्या. फूल झाडात अडकलं, त्या चप्पल फेकत होत्या. दादा त्यांच्याकडे बघत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "त्या दिवशी तू घाबरला होतास?"

"मी? मी कशाला घाबरतोय. अरे, मी एका दिवसात सतरा मशीन..."

दादा नुसता बघत राहिला. मी सतरा मशीनचं वाक्य शोधत होतो, ते सापडेना. दुसरं एक होतं, केसपेपरच्या कारकुनाचं, तेही सापडेना. दादा थांबून होता. चप्पल वर गेली, खाली आली, फूल वरच.

"हो," मी म्हणालो. "फार."

"हं," दादा म्हणाला. "मीही."

मग तो उठला, झाडाकडे बघून म्हणाला, "चप्पल नको, काठी लागेल, सहा फुटांची," आणि ती शोधायला निघाला. मी बसून राहिलो. मला कुठं जायची घाई नव्हती.